बेहड्याची पोथी

माणसाला झाडाखाली बसवून त्याच झाडाविषयी तासभर बोलणारा प्राणी पूर्णेच्या दोन्ही काठांवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या पदरी पडला.

आमचे मावसे निजामाच्या राज्यात जंगलाचे नाकेदार होते. सिद्धेश्वरच्या अलीकडच्या डोंगरातला राखीव जंगलाचा रमना त्यांच्या ताब्यात. ताब्यात कसला, यांनीच तो पेरून वाढवल्यासारखा रुबाब! सरकारी बूट पायातून कधी उतरायचे नाहीत. मावशी म्हणायची, "यमाच्या दारीबी बुटं घालूनच उभे ऱ्हातील हे." लोकांनी जंगल तोडण्याऐवजी हिंडून पाहावं, हा त्यांचा ध्यास. त्यापायी त्यांनी पायवाट काढली, कडेनं चुना लावलेले दगड मांडले आणि रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांवर डांबरानं झाडांची माहिती लिहिली. झाडाला खिळा मारवेना, म्हणून शेजारी खांब रोवले. मजकूर त्यांच्यासारखाच तापट. "मी पळस. पानं न्या. फांदी मोडाल तर गाठ माझ्याशी आहे."

आता हे वाचणार कोण? गावात अक्षरओळख असलेले असे कितीसे! मग मावसेच पाटीपाशी उभे राहून वाचून दाखवायचे. माणूस वळणावळणानं पुढच्या पाटीशी पोचेपर्यंत हे आडवाटेनं काटे तुडवत तिथे हजर, धापा टाकत! एकदा मी म्हटलं, "मावसा, मला येतं वाचता."

"तुला काय येतं ते तुझ्या मास्तरला ठाव. गप ऐक!"

त्यांचा सगळ्यांत लाडका म्हणजे एक जुना बेहडा. बेहड्यावर भुतं राहतात म्हणून लोक तिकडे फिरकत नसत. त्याची पाटी म्हणत असे, "मी बेहडा. माझ्यावर भूत नाही, घुबड आहे. सावली फुकट आहे. बसा." मावसे खणखणीत आवाजात हे वाचू लागले आणि झालं भलतंच. आमच्याकडे कुणी चारचौघांत मोठ्यानं वाचलं की ती पोथीच. बाया वहाणा काढून बसायला लागल्या, पाटीपुढे मूठमूठ जोंधळे ठेवायला लागल्या, आणि शेवटी एकमुखानं "पुंडलीक वरदे हारी विठ्ठल!" मावसे कपाळ बडवून घेत.

"अगं बायांनो, पोथी न्हाई ही! झाडाची माहिती हाय! काहून हात जोडून राहिल्या?"

"जोडले तर काय बिघडलं, नाकेदारसाब? वाचा की फुडं."

दुसऱ्या जागतिक लढाईत लाकडाची मागणी वाढली आणि वरून हुकूम आला, बेहडा तोडा. मावशांना अन्न गोड लागेना. साहेबांच्या हातापाया पडून आले, पण ऐकतो कोण! तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले, तेव्हा बाया नेहमीसारख्या बेहड्याखाली बसलेल्या. त्यांतली एक म्हातारी ताडकन उठली.

"पोथीच्या झाडाला कुऱ्हाड लावता व्हय रे? वाटोळं होईल तुमचं!"

तोडणारे चपापले. त्यांच्या मुकादमानं मावशांना विचारलं, "नाकेदारसाब, खरंच पोथीचं झाड हाय का हे?"

'पोथी न्हाई' म्हणून इतकी वर्षं घसा फोडलेला माणूस खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. मावसे अनवाणी पाटीपुढे गेले, हात जोडले आणि वाचू लागले, "मी बेहडा..." 'घुबड आहे' या ओळीला मुकादमानं भक्तिभावानं मान डोलावली. माणसं आली तशी परत गेली.

निजामाचं राज्य गेलं, त्याआधीच मावसे गेले. फार मोठी पोकळी झाली हो आमच्या घरात. यंदा त्या बाजूला गेलो, तर पाटी गंजून केव्हाच पडलेली. बेहडा मात्र उभा. माझे पाय आपोआप चपलेतून निघाले. मजकूर पाठच होता, मोठ्यानं म्हटला. "सावली फुकट आहे. बसा," म्हणून थांबलो. मागून काटक्यांचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली, भारा उतरवला, वहाणा काढल्या आणि खाली बसली.

"उगं काहून राहिले? वाचा की फुडं."

पुढे काहीच नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.