सुनेची लाथ

इंदूरच्या डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एमआरआय पाहून सांगितलं, ऑपरेशनची घाई नको, आधी तीन महिने नेमाने व्यायाम करून बघा. मी देवासला परतेपर्यंत ही बातमी सगळ्या नात्यात पोचली आणि ज्याला त्याला उपाय सुचू लागले. धारच्या नणंदेचा फोन आला. "अगं, तुझी सून पायाळू ना? मग तिची एक लाथ घे की कमरेत."

सून जन्मताना पायांकडून आली होती. अशा माणसाची लाथ लागली की पाठीतली चमक जाते, असं आमच्याकडे मानतात. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने सतरंजीवर पालथी पडले.

सून सतवासची, रीतीभातीला पक्की. "आई, पहले पाया पडते, फिर लाथ," म्हणाली आणि वाकली. आता सुनेने नमस्कार केला आणि सासूने आशीर्वाद दिला नाही, असं या घरात कधी झालेलं नाही. मी पडल्यापडल्या मागे वळून हात वर केला, आणि कमरेतून अशी कळ गेली की तोंडून आशीर्वादाऐवजी भलतंच काहीतरी निघालं.

लाथ राहूनच गेली. आता रोज सकाळी मी त्याच सतरंजीवर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करते आणि सून शेजारी उभी राहून आकडे मोजते. मी कधी कंटाळा केला, तर ती नुसता उजवा पाय पुढे करते.