दहाव्याची बातमी

बायकोच्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर चार बसले होते, खाली एकही येईना. कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली, असं आम्ही मानतो. मग घरचं एकेक माणूस पुढं होऊन काहीतरी कबूल करतं. लेक म्हणाली, "आये, बाबांना मी सांभाळीन." माझा भाऊ म्हणाला, "वहिनी, नातीचं लग्न नीट लावून देऊ." कावळे ढिम्म. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी हात जोडले. म्हणालो, "भातात खडा निघाला म्हणून पाहुण्यांपुढं तुला मारलं. चुकलं गं माझं."

चाळीस वर्षं ते पोटात होतं. तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं होतं आणि त्याच पाहुण्यांना ताक वाढलं होतं. ती असेपर्यंत माझं तोंड उघडलं नाही.

मागं एक पत्रकार उभा होता. पत्रकार म्हणजे शिळफाट्यावरचा एक बाप्या. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, आणि त्या मोबाईलमध्येच सगळं चॅनेल. आम्हाला वाटलं, जावयाच्या ओळखीचा असेल, दहाव्याला आलाय. चहासुद्धा दिला त्याला. संध्याकाळी माझं ते बोलणं गावभर वाजत होतं, मागं रडकी बासरी लावून. वर लाल अक्षरांत: 'पत्नीला मारहाण! कावळ्यासमोर वृद्धाची कबुली!' खाली कुणी मला तुरुंगात टाका म्हणत होतं, कुणी हसरी तोंडं चिकटवत होतं. मारलं हे खरंच आहे, त्याच्या शिव्या द्या, मी खाईन. पण ते मी तिच्याशी बोललो होतो. तिच्या वाट्याचं होतं ते.

सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "बाबा, नदीकाठ काय तुमच्या घरात हाय? सार्वजनिक जागा ती. आणि पत्रकाराला बोलायचं स्वातंत्र्य असतं."

"आणि मला?"

"तुमाला पण हाय की. बोला ना, कोण अडवतंय?"

मी ते मनावर घेतलं. घरी येऊन गावच्या ग्रुपवर माझ्या आवाजात टाकलं, की हा माणूस मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो आणि वर आमचाच चहा पितो. दुपारपर्यंत त्याच हवालदाराचा फोन: "बाबा, तुमच्यावर बदनामीचा अर्ज आलाय. या इकडं." ग्रुपचा अ‍ॅडमिन माझा पुतण्या. त्यानं मला ग्रुपातून काढलं, मग घरी येऊन पाया पडला. "काका, राग नका धरू. आधी अ‍ॅडमिनलाच उचलतात."

चौथी शिकलेल्याला कायदा कळला तो असा: माझं दुःख सार्वजनिक आणि त्याची अब्रू खाजगी.

ठाण्यात तो पत्रकार खुर्चीवर, मी बाकावर. म्हणाला, "आजोबा, माफी मागा. अर्ज मागं घेतो."

"तू तो व्हिडिओ काढून टाक, मग मागतो."

त्याचं तोंड उतरलं. "चांगला चाललाय हो. कावळा शिवला का नाय, तो दुसरा भाग रविवारी टाकणार होतो. लोक वाट बघतायत."

"काढून टाक रं," हवालदार वैतागला. "म्हाताऱ्याला अजून किती नाचवतो?"

माझ्यासमोर त्यानं दोन्ही भाग पुसून टाकले. मग मी माफी मागितली. बायकोपुढं जीभ उचलायला चाळीस वर्षं लागली, याच्यापुढं एका दमात मागून मोकळा झालो. खोटी माफी हलकी असते. तो तीही मोबाईलमध्ये घ्यायला लागला, तेव्हा हवालदारानंच त्याचा हात खाली केला.

परतीच्या वाटेवर रिक्षावाला सारखा आरशातून बघत होता. "बाबा, ते तुमीच ना? माझ्या मामानं पाठवलाय."

म्हणजे पुसून टाकलेला व्हिडिओ लोकांच्या खिशात होताच.

"हो, मीच."

"मंग शिवला का वो कावळा?"

काठावर जी माणसं होती, त्यांना ते ठाऊक आहे.

"पुढं बघून चालव रं," मी म्हणालो.