एकदाच लिहायची चिप

मायक्रोकंट्रोलर म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असंल, आता हा थंडगार लॅब, पांढरे कोट आन् रॉकेट सांगणार. तसलं काई न्हाई. एक बकेट हाये, एक मोटार हाये आन् आमचे सर हायेत.

जालन्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट चालल्याशिवाय पास करत न्हवते. माझा जोडीदार धावडा गावचा. त्याच्या विहिरीवर लाईट आली की मोटार चालू करायला आन् पाणी तुटलं की बंद करायला घरचं एक माणूस बसून राहायचं. मंग ठरलं, हे काम मायक्रोकंट्रोलरच्या चिपवर टाकायचं.

औरंगाबादच्या दुकानात दोन जातीच्या चिपा व्हत्या. एक आतला प्रोग्राम पुसून परत लिहिता येणारी, महागाची. दुसरी एकदाच लिहायची, तिसऱ्या हिश्श्याच्या भावात. "भाई, इसमें गलती करे तो फेंकना पडता," दुकानदारानं बराबर सांगितलं. जोडीदार म्हणला, "महागाचीच घेऊ रे." मी म्हणलो, "चूक करायचीच कशाला? एकीच्या पैशात तीन येतात."

पहिली फेकली, कारण लाईट आली की मोटार बंद पडायची. दुसरी फेकली, कारण मोटार बंदच व्हईना. राहिली एक.

आता सरांच्या नकला करणं हा माझा धंदा. वर्गात कुणाला उत्तर न्हाई आलं की सर नाकातून म्हणायचे, "शेंगा खातो का?" आमच्या यंत्राला छोटा पडदा व्हता, त्याच्यावर इंग्रजी सोळा अक्षरं मावायची. पाणी संपलं की तिथं 'पाणी नाही' यायला पाहिजे व्हतं. पण पोरांना हसवायला मी दुसरी एक फाईल केल्ती, तिच्यात सरांचं वाक्य. मधल्या जागा धरून बरोबर सोळा भरली. परीक्षेच्या आदल्या दिवशी गडबडीत तीच फाईल शेवटच्या चिपमधी गेली.

जोडीदाराचं तोंड उतरलं. "नापास झालो तर माझ्या बापाला सांगायला तूच ये धावड्याला."

"परीक्षेत विहिरीच्या जागी बकेटच हाये ना, ती काठोकाठ भरून ठेवू," मी म्हणलो. "पाणीच संपलं न्हाई तर ते वाक्य येतं कशाला?"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बटण दाबलं, मोटार चालली. मी पटकन म्हणलो, "झालं साहेब." पाणी हाये का न्हाई ते यंत्राला कळवणारी बकेटीतली वायर त्यांनी शांतपणे वर उचलली. मोटार थांबली, पडदा उजळला. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. सर बाजूलाच उभे.

"हे कोण विचारतंय?" साहेब म्हणले.



"मोटार विचारती साहेब," मी म्हणलो. "विहिरीला."

साहेब हसले. "थांबली तर वेळेवर," म्हणत त्यांनी पासाची सही केली.

त्यांची रिक्षा गेटाबाहेर गेली आन् सरांनी लॅबचं दार लावलं. "आवाज माझा, बकेट कॉलेजची, हुशारी तेवढी तुझी. तीन चिपा नासल्या, एकदा तरी विचारलं का मला? पुसायची चिप कपाटात पडून हाये माझ्या, उसनी दिली असती. पण न्हाई, तुला माझा गळा पाहिजे, अक्कल नको. उद्यापासून आठ दिवस लॅब झाडायची. आन् झाडताना तोंडातून एक आवाज आला न्हाई पाहिजे, माझा तर बिलकुल न्हाई."