जावईबापूंची पिशवी

ती घटना आठवली की आजही हसू येतं; तेव्हा मात्र आठवडाभर मला जेवण गोड लागलं नव्हतं.

कडेगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक बाप तक्रार अर्ज घेऊन आला. त्याच्या सहा वर्षांच्या पोरीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. गावातल्या जयंतीच्या रक्तदान शिबिरातली एक पिशवी तिला चढली होती. त्याच शिबिरातल्या दुसऱ्या पिशवीत सी प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला. ती पिशवी रक्तपेढीनं बाद केली, रक्तदात्याला बोलावून तपासलं, तर गडी ठणठणीत!

"म्हंजे पिशव्यांची अदलाबदल झाली का, साहेब? खराब रक्त माझ्या पोरीला गेलं का?" बापानं अर्ज माझ्यापुढं सरकवला. पोरीची पहिली तपासणी चांगली आली होती, पण पक्कं सांगायला डॉक्टरांना अजून काही महिने हवे होते.

रक्तपेढीच्या नोंदी पाहिल्या, जबाब घेतले. चूक सापडेना. मी निघताना तिथला तंत्रज्ञ सहज म्हणाला, "दाता पैलवानासारखा हो, पण बायकोनं डोळ्यांवर पदर धरला तेव्हा कुठं त्यानं नमुना दिला."

मी थबकलो. हा माणूस शिबिरात एकटा पिशवीभर रक्त देईल?

त्याला ठाण्यात बोलावलं. गावचा जावई, मिशीला पीळ, आवाज खणखणीत. "मीच दिलं, साहेब. स्पीकरवर नाव पुकारलंय माझं!" माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस न विचारताच साक्षीदार पुढं करतो. मी शांतपणे म्हटलं, "बरं, मग डॉक्टरांना इथंच बोलावतो. अजून एकदा सुई टोचू."

गड्याला दरदरून घाम फुटला. "नगं, साहेब! सांगतो. माझ्या नावावर मेव्हणा झोपला खाटंवर. सासरवाडीत इज्जत जाईल म्हनून."

मेव्हण्याला आणलं. त्यानं कबूल केलं, "दाजींची लाज राखली, साहेब. दुसरं कायबी न्हाई." त्याला तपासलं, तर विषाणू त्याच्यातच निघाला. अदलाबदल झालीच नव्हती. पोरीची पिशवी निर्धोक होती!

बाप ठाण्याच्या पायरीवर बसून रडला, मग हसला. मेव्हणा मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आता बाप त्याची गचांडी धरणार. तर बापानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गोळ्या घे रं वेळेवर. माझ्या पोरीपायी तुझा आजार कळला, म्हन." जावई आणि मेव्हणा, दोघांना सक्त समज देऊन मी सोडलं.

खोट्यामागं दर वेळी लबाडीच असते असं नाही, कधी नुसता मानपान असतो. पण त्यानंही एका बापाची झोप उडते. हे मला त्या प्रकरणानं शिकवलं.

तीन महिन्यांच्या गोळ्यांनी मेव्हणा बरा झाला. पण त्याला आता कधीच रक्त देता येणार नव्हतं. पुढच्या जयंतीला मी मुद्दाम शिबिरात गेलो. स्पीकरवर जावईबापूंचं नाव पुकारलं. पाहतो तर खाटेवर तेच आडवे, मेव्हण्याचा हात गच्च धरलेला, डोळ्यांवर बायकोचा पदर.