तुमसरच्या काट्यावर दोन लेन्स

वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी उगाच चांगलं मत व्हायला नको. आमच्या पुण्याच्या फोटोग्राफी क्लबात दारासमोरच सारसांच्या जोडीचा माझा फोटो टांगला आहे. खाली लिहिलं होतं, ‘सहाशेची लेन्स, दुरून’. तो मी दोनशेच्या, म्हणजे जवळ जावं लागणाऱ्या लेन्सनं, घरट्यापासून सात पावलांवर उभा राहून काढला होता. जोडी उठून गेली. आता येतील, मग येतील म्हणत मी तास-दीड तास तिथंच थांबलो. सारस आले नाहीत. कावळे आले. मी कावळ्यांचेही फोटो काढले.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. यंदाच्या श्रावणात मी पुन्हा भंडारा जिल्ह्यात निघालो ते, क्लबाच्या भाषेत, ‘सिस्टिम ठरवायला’.

एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, त्यामुळे मोठी लेन्स घेणं ही सोयरीक असते. आमच्या क्लबात दोन घराणी आहेत, पांढऱ्या लेन्सवाले आणि काळ्या लेन्सवाले. एकमेकांकडे चहा घेतात, पण एकमेकांच्या फोटोंत त्यांना फक्त दोष दिसतात. निवाडा माझ्यावर सोपवला होता, कारण भिंतीवर फोटो माझा. दोन्ही लेन्स, आपापल्या कॅमेऱ्यांसह, आठ दिवसांसाठी भाड्यानं घेतल्या. आतलं कारण वेगळं होतं. दुरून पाहायची लेन्स घेतली की जवळ गेल्याचं पाप फिटेल, असं मला वाटत होतं. लोक त्यासाठी तीर्थाला जातात. मी लेन्सची परीक्षणं वाचत होतो.

तुमसर रोड स्टेशनला उतरलो तेव्हा दोन्ही खांदे वाकले होते. ऑटोनं तुमसर गाठलं. एका राईस मिलसमोरच्या टपरीवर पोहे-तर्री (पोह्यांवर तिखट रस्सा) खाताना समोरचा काटा दिसला आणि क्लबातला दोन महिने चाललेला वाद आठवला. कंपन्या लेन्सचं वजन सांगतात ते झाकण आणि पाय (स्टँडला अडकवायची पट्टी) काढून, लग्नाच्या स्थळानं वय सांगावं तसं. खरं वजन कोणीच केलं नव्हतं.

काट्यापाशी पन्नाशीचा एक मापारी होता, गळ्यात दुपट्टा, पायात काळे गमबूट. मी पांढरी लेन्स काट्यावर ठेवली. आकड्याकडे न बघताच तो म्हणाला, “लाभ.”

धान्य मोजताना जुने मापारी ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणून सुरुवात करतात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

“तीन किलो दीडशे. तोफ हाये का सर?”

“लेन्स आहे. कॅमेऱ्याची.”

मी काळी ठेवली. “दोन,” तो म्हणाला. “दोन किलो नऊशे. याले एवढं वजन कायले लागते?”

“लांबचं दिसतं.”

“लांबचं तं मले असंच दिसते. जवळचं दिसत नाही, त्याले चष्मा लागते.” मग माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाला, “पाव किलोचा फरक हाये. तेवढं तं तुमच्या पोटातूनच निंगल. पाहा बाप्पा, दोन्ही घ्या.”

हमाल हसले. मीही हसलो आणि वहीत नोंद केली: वजनात काळी सरस.

तिथून पाऊण तासावर ते गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या श्रावणात आमचा क्लब दोन्ही घराण्यांसह तिथं उतरेल.

सुमनबाईंनी ओळखलं. गेल्या वर्षी मी त्यांच्याच ओसरीवर राहिलो होतो. त्यांच्या बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) कोपऱ्यात सारसांनी घरटं केलं होतं आणि तेवढ्या जागेत त्यांनी रोवणी केली नव्हती. मला धुऱ्यावर (बांधावर) उभं करून त्यांनी बजावलं होतं, “इथूनच पाहा सर. खाली नोका उतरू.” त्या बाजाराला गेल्या आणि मी उतरलो.

“यंदा लय मोठं आणलं,” पिशव्या बघत त्या म्हणाल्या. “पन पाखरं आमच्या बांधीत नाही आले. पल्याड, नहराजवळ फिरून राहिले.”

दोन्ही लेन्स रस्त्यावरूनच लावल्या. आता मी लांबूनच पाहणारा माणूस होतो. नहराजवळ (कालव्याजवळ) सारस नव्हते, म्हणून लेन्स सुमनबाईंच्या बांधीकडे वळवली. चहूकडे हिरवं धान आणि कोपऱ्यात पाण्याचा रिकामा चौकोन. यंदाही त्यांनी तो रोवला नव्हता. सहाशेच्या लेन्समधून रिकामी जागा फार स्पष्ट दिसते. काळीतही, पांढरीतही. धारदारपणात फरक नाही, असं वहीत लिहिलं.

संध्याकाळी भात, बरबटीची भाजी आणि जवसाची चटणी वाढताना मी विचारलं नसताना त्या बोलू लागल्या.

“अंडे गेले ते आमच्या दिरानं घालवले, देवाजीनं. तो म्हणेच, पाखरासाठी कोपरा काहून सोडता म्हून. चिखलात बुटाचे पाय उमटले होते. बांधीत बूट घालून कोन उतरते, सर? सारा गाव अनवाणी. अन त्यानं नवे बूट घेतले होते.”

“त्यांनी कबूल केलं?”

“नाही. बायकोपोराची शपथ घेतली. म्या म्हटलं, शपथा खाऊ नोको, निंग. गेला. पोळ्याले बी नाही आला. भाऊभाऊ बोलत नाहीत. तुमसरले मिलीत मापारी हाये. माप सुरू करताना अजून लाभ म्हणते, त्याच्या बापावानी.”

काट्यावरचा मापारी तोच. दाराशी माझे गमबूट उभे होते, गेल्या वर्षीचेच. कंपनी सांगते, तळाची नक्षी चिखलात उत्तम पकड घेते.

भाजी चांगली झालीय, एवढं म्हणालो.

सकाळी सारस आले, थेट त्या रिकाम्या कोपऱ्याच्या पलीकडे. मी धुऱ्यावरून निघालो, पांढरी लेन्स खांद्यावर, काळी छातीशी. पावसानं धुरा निसरडा झाला होता. पाय सुटला आणि मी बांधीत गुडघ्यापर्यंत रुतून उभा राहिलो, दोन्ही हात वर, दोन्ही लेन्स कोरड्या. क्लबानं कौतुक करावं असा प्रसंग. सारस उडून गेले.

सुमनबाई धावत आल्या. मला ओढून वर घेतलं. मी चढलो त्या ओल्या धुऱ्यावर बुटांचे ठसे उमटले होते, नागमोडी रेघा आणि टाचेवर गोल. त्यांनी वाकून पाहिलं.

“हेच होतं,” त्या म्हणाल्या. “टाचेले गोल.”

“माझे होते,” मी म्हणालो. “गेल्या वर्षी. मी खाली उतरलो होतो.”

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं माझ्या हातातली लेन्स पुसून दिली.

“मले सांगून काय होते, सर. देवाजीले सांगा.”

“तुम्ही फोन करून…”

“म्या सांगितलं तं त्याले वाटल, वहिनीले समेट पायजे म्हून सायबाचं नाव घेऊन राहिली. तुमच्याच तोंडानं सांगा. वाटेतच हाये मिल.”

वाटेतच होती. दुपारी ऑटो तिथं थांबवली. गाडीला दीड तास होता. देवाजी काट्यावर पोती लावत होता. मला पाहून हसला.

“मंग, कोनती ठरली सर?”

वाक्य तयार होतं. रस्ताभर घोकलं होतं. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. पोत्याशी वाकताना टाचा उचलल्या तेव्हा तळ दिसले, सपाट, रेघा नाहीत, गोल नाही. नीट पाहिलं असतं तर कोणालाही कळलं असतं. जवळून पाहायची ती गोष्ट होती.

“काळी,” मी म्हणालो. “हलकी आहे.”

“बरं केलं,” तो म्हणाला. “वजन कमी तं पाय कमी रुततात.” आणि पुढचं पोतं काट्यावर घेत म्हणाला, “लाभ.”

मी स्टेशनवर गेलो.

पुण्याला परतून क्लबात निवाडा दिला: दोन्ही लेन्स उत्तम, कोणतीही घ्या. दोन्ही घराणी नाराज झाली. भिंतीवरच्या फोटोखालची ओळ खोडून ‘दोनशेची लेन्स, सात पावलांवरून’ असं लिहिलं, तर एकानं विचारलं, दोनशेची म्हणजे कोणत्या कंपनीची? मोठी लेन्स मी घेतली नाही. माझी अडचण अंतराची नव्हती.

सुमनबाई कोपरा पुढच्या वर्षीही रिकामा ठेवणार आहेत. देवाजी पोळ्याला घरी गेला की नाही, मला माहीत नाही. तुमसरला परत जाऊन, काट्यापाशी उभं राहून, त्याच्या तोंडावर म्हणायचं एक वाक्य माझ्याकडून अजून देणं आहे: तो पाय माझा होता.