रिकामी खाच

“कॅसेट कुठं लपवलीस?”

काकूंनी हे विचारलं तेव्हा माझ्या फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून झाले होते. एकात रुमाल. दुसऱ्यात काहीच नाही. मी सातवीत होते.

दुबईत, देऱ्यात काकूंच्या घरचा व्यापार. बाबा त्यांच्या गोदामात, आई त्यांच्या स्वयंपाकघरात. आम्हा तिघांचे व्हिसा त्यांच्या सहीवर. त्यांच्या रोहनला नवा कॉम्प्युटर आला, सीडी टाकली की गेम सुरू. मग जुना आम्हाला मिळाला. टीव्हीला जोडायचा, कीबोर्डवर अरबी आणि इंग्लिश अक्षरं. गेमच्या कॅसेटी मात्र काकूंनी ठेवून घेतल्या. म्हणाल्या, “टायपिंग शीक. कुठंतरी चिकटशील.”

कॅसेटची खाच रिकामी. चालू केला की निळा पडदा आणि लुकलुकणारा चौकोन. रोहनचा कॉम्प्युटर त्याला खेळवायचा. माझा नुसता थांबून राहायचा, मी काय सांगते ते ऐकायला. शाळेत शिकवलेल्या चार कमांड टाकल्या. चुकल्या. परत टाकल्या. अरबी ‘बा’ हे अक्षर होडीसारखं दिसतं, खाली एक टिंब. ती होडी मी पडद्यावरच्या निळ्या खाडीत सोडली. समोरून गलबतं यायची, त्यांना चुकवत पलीकडं जायचं. सेव्ह करायची सोय नव्हती. बंद केला की सगळं पुसलं. म्हणून मी तो बंदच करत नव्हते.

आईला बोलवायला काकू आल्या, सोबत रोहन. त्यानं पडदा पाहिला. “मम्मी, हाऊ कम शी हॅज धिस गेम? आय डोन्ट हॅव इट!”

“काकू, मी बनवला.”

“ऐकलंस का गं शालन? तुझी पोर गेम बनवते म्हणे. उद्या विमान बनवेल!”

मी खाच दाखवली. होडी पडद्यावर चालत होती, खाच रिकामी होती, आणि त्या माझे खिसे चाचपत होत्या.

आई कुजबुजली, “सॉरी म्हण, बाळा. खलास होईल विषय.”

“नाही म्हणणार.”

मग आईनंच हात जोडले. न झालेल्या चोरीसाठी.

काकूंनी प्लग उपटला. होडी गेली. कॉम्प्युटर गेला. आणि आईनं हात जोडूनही आमचे व्हिसा रिन्यू झाले नाहीत. गावी परतलो. बाबांना परत धड काम मिळालं नाही.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. स्वतःच्या व्हिसावर अबुधाबीत आले. प्रोग्रॅम लिहिते. परवा मॅनेजरनं, आपलाच माणूस, पुण्याचा, माझं काम पाहून सगळ्यांसमोर विचारलं, “खरं सांग, कुणाकडून करून घेतलंस?”

हात आपोआप खिशाकडं गेला. तिथंच थांबवला.

“मी केलंय. आणि हे परत विचारायचं नाही.”

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माझा व्हिसा रिन्यू होणं आता त्याच्या सहीवर आहे. झोप लागत नाही. आईचे जोडलेले हात दिसतात.

व्हिसा जाईल. जाऊ दे. सॉरी मिळणार नाही.