चंद्रावरचा पाट

वाचनालयात पुस्तकांवर धूळ साचते, तसे वाचणाऱ्यांचे किस्से साचतात. धूळ निदान झटकता तरी येते. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला मी श्रीरामपुरात एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होतो, तेव्हाचे हे काही.

आमच्याकडे येणाऱ्या एका मासिकात वैमानिक दिगंतची कथा वीस वर्षं चालू होती. दिगंतने चंद्रावर वस्ती केली, तळं बांधलं, पाट काढला, ऊससुद्धा लावला. मग खरोखरच माणूस चंद्रावर जाऊन आला आणि तिथे नुसती माती निघाली. मासिकाने जुन्या लेखकाला नारळ दिला. नव्या लेखकाने पहिल्याच अंकात जाहीर केलं, की यापुढे कथा शास्त्राला धरून चालेल.

झालं, आमच्यात दोन तट पडले. नव्याच्या बाजूने हायस्कुलात विज्ञान शिकवणारे जोशी मास्तर. जुन्याच्या बाजूने नाना. नाना कालव्यावरचे रिटायर पाटकरी, जन्मभर शेतांना पाणी सोडलेला माणूस. चंद्रावरचा पाट म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"पाण्याशिवाय ऊस कसा येईल, नाना?" मास्तर विचारायचे.

"हितं पानी असून तरी सगळ्यांचा कुटं येतोय?"

*

अंक एकच आणि वाचणारे चार. म्हणून मी पिना काढून अंकाचे चार भाग करायचो. हाती येईल तो भाग आधी वाचायचा, असा रिवाज.

एकदा नानांना शेवटचा भाग आधी मिळाला. त्यात दिगंतची अंत्ययात्रा! नाना तडक घरी गेले आणि दिगंतच्या नावाने डोक्यावरून पाणी घेऊन आले. तोवर मास्तरांचा पहिला भाग वाचून झाला होता.

"अहो, तो दिगंत नव्हे. शत्रूला फसवायला केलेला पुतळा आहे."

नानांनी ओले केस पुसले. "ह्या टंचाईत एक बादली वाया घालवली तुमच्या लेखकानं."

*

भाग परत जोडताना एकदा माझा घोटाळा झाला. नव्या अंकात दहा वर्षांपूर्वीच्या अंकाचा एक भाग टाचला गेला. मास्तरांनी तो वाचून मान डोलावली, "याला म्हणतात शास्त्रशुद्ध लेखन." नाना म्हणाले, "लई कोरडं लिवलंय. जुन्याची सर न्हाई."

मी दोघांच्याही म्हणण्याला हो म्हटलं आणि अंक कपाटात ठेवला.

*

नानांचे दुष्काळी जामखेडचे व्याही एकदा हा वाद तासभर ऐकत बसले होते. शेवटी उठताना म्हणाले, "चंद्रावर पानी हाय का न्हाई, ह्याच्यापायी भांडताय व्हय? आदी आमच्याकडं येऊन बघा. तितं जायला विमान बी लागत न्हाई."

*

पुढे नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या, उताणं पडून राहायचं. नेमका त्याच महिन्यात नव्या लेखकाने चंद्राचा निकाल लावला. तळं, पाट, ऊस, हे सगळं दिगंतला तापात झालेले भास होते, असं चक्क छापलं. नानांना हे कळलं तर काय होईल, या धास्तीने मी अंक दोन दिवस दडवून ठेवला. पण नानांनी निरोप धाडला, "अंक आना. वाचायला मास्तरांनाच आना, त्यांचा लेखक हाय."

दुपारी आम्ही दोघं गेलो. मास्तर स्टुलावर बसले. पान उघडून त्यांनी एकदा नानांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग खाकरून वाचू लागले, "दिगंतने तळ्याचं दार उघडलं. पाणी पाटात आलं. पहिलं शेत भिजलं, मग दुसरं, मग तिसरं..."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. पानावर पाण्याचा थेंब नव्हता. मास्तर दहा मिनिटं वाचत राहिले, आणि वर्गात कधी अडखळले नसतील इतके अडखळले. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, लेखकाला एक पत्र लिवा. पानी आदी शेवटच्या शेताला द्यायचं असतं. वरच्यानं आदी घेतलं, तर खालच्यापतूर पोचत न्हाई. पुढच्या टायमाला ध्यानात ठिवा म्हनावं."

मास्तरांनी खिशातलं पेन काढून शब्दन् शब्द लिहून घेतला.

"पत्ता कुठला घालू, नाना?"

"तुमच्याच घरचा घाला."